मोटारीची प्रतीक्षायादी आणि वसतिगृहाची प्रतीक्षायादी

वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर गेली काही वर्षे एक बातमी वारंवार झळकते आहे. कोट्यवधी रुपयांच्या स्पोर्ट्स कारना देशात जोरदार मागणी आहे, परंतु मोटारी वेळेवर मिळत नसल्याने ग्राहक नाराज आहेत, अशी ती बातमी. इटलीच्या लॅम्बोर्गिनी कंपनीने भारतात २०२१ साली ६९ मोटारी विकल्या, २०२२ साली ९२, २०२३ साली १०३ आणि २०२४ साली ११३. याच कंपनीची रेव्हुएल्टो ही ८ कोटी ८९ लाख रुपयांची मोटार डिसेंबर २०२३ मध्ये भारतात आली, तेव्हा पुढच्या दोन वर्षांचे उत्पादन आधीच विकले गेले होते. खिशात पैसा आहे, पण दारात मोटार नाही! या दुःखाची प्रस्थापित प्रसारमाध्यमांना फार कणव आहे.

सोलापूरच्या विडी घरकुलात राहणारा वाचक विचारील, शंभर-सव्वाशे धनिकांच्या मोटारीशी आपला संबंध काय? संबंध आहे. या देशात कोणाच्या खोळंब्याची बातमी होते आणि कोणाचा खोळंबा नशिबाचा भाग ठरतो, हे या मोटारीच्या निमित्ताने तपासता येते.

प्रथम हा उशीर का होतो ते पाहू. २०२१-२२ साली जगभर सेमीकंडक्टर चिपचा तुटवडा होता आणि त्या काळात सर्वच मोटारींना उशीर झाला, हे खरे. परंतु स्पोर्ट्स कारचा उशीर हा बहुतांशी ठरवून केलेला उशीर आहे. फेरारी कंपनीने २०२४ साली साऱ्या जगात मिळून केवळ १३,७५२ मोटारी दिल्या. बाजारात जितकी मागणी असेल तिच्यापेक्षा एक मोटार कमी बनवायची, हे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या नावावर सांगितले जाणारे सूत्र कंपनी आजही पाळते. रांग जितकी लांब, तितकी मोटारीची प्रतिष्ठा मोठी आणि किंमत चढी. म्हणजे धनिकाला जी वाट पाहावी लागते ती त्याने विकत घेतलेल्या प्रतिष्ठेचाच एक भाग असतो.

मध्यमवर्गीय ग्राहकाची गोष्ट थोडी वेगळी. ३० जुलै २०२२ रोजी महिंद्रा कंपनीने चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एन गाडीची नोंदणी सुरू केली आणि अर्ध्या तासात एक लाख नोंदण्या झाल्या. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीकडे सर्व गाड्या मिळून अडीच लाखांहून अधिक नोंदण्या पडून होत्या. दीड-दोन वर्षे थांबावे लागलेले ग्राहक संतापले, आणि त्यांचा संताप रास्त होता. पण त्यांच्याकडे नोंदणी क्रमांक होता, पैसे भरल्याची पावती होती, नोंदणी रद्द करून दुसरी गाडी घेण्याची सोय होती आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा पाठीशी होता. त्यांच्या रांगेला आरंभ होता आणि शेवटही होता.

आता या मोटारींना पैसा कोठून येतो ते पाहा. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजक आणि व्यावसायिकांच्या एका गटाने एकाच वेळी दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांची ही खरेदी होती आणि तिच्यासाठी सरकारी मालकीच्या स्टेट बँकेने सुमारे सात टक्के दराने कर्ज दिले. त्याच मराठवाड्यातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याहून कितीतरी चढ्या दराने कर्ज घ्यावे लागत होते. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच या विसंगतीवर बोट ठेवले होते. मर्सिडीज स्वस्त व्याजाने आणि ट्रॅक्टर महाग व्याजाने! १९९१ नंतरच्या खाउजा धोरणाचा, म्हणजे खासगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरणाचा, याहून सोपा धडा दुसरा नाही.

कर्जात जे झाले तेच करात झाले. महाराष्ट्रात मोटार नोंदवताना एकरकमी वाहन कर भरावा लागतो. शंभर ते तीनशे सीसी दरम्यानच्या दुचाकीवर तो ११ टक्के आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्या कामगाराच्या मुलाने एक लाखाची स्कूटर घेतली की अकरा हजार रुपये सरकारजमा होतात. त्याला सूट नाही, मर्यादा नाही. आयात केलेल्या मोटारीवर हा दर २० टक्के आहे. वाचताना वाटते, वा, श्रीमंतांवर जास्त कर! परंतु खरी मेख पुढे आहे. २०१७ साली सरकारने या कराला २० लाख रुपयांची कमाल मर्यादा घातली. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती ३० लाख केली. चार कोटींच्या आयात मोटारीवर २० टक्क्यांनी ८० लाख कर व्हायला हवा, पण घेतले जातात ३० लाख. म्हणजे साडेसात टक्के. स्कूटरवाल्याला अकरा आणि स्पोर्ट्स कारवाल्याला साडेसात! शिवाय मोटार जितकी महाग, तितका हा टक्का खाली उतरत जातो.

श्रीमंत माणूस सीमाशुल्क आणि जीएसटीही भरतो, असे यावर सांगितले जाते. भरतो. पण जीएसटी स्कूटरवालाही भरतोच. कर जास्त लावला तर मोटारी दुसऱ्या राज्यात नोंदवल्या जातील, असेही सांगितले जाते. म्हणजे ज्याला पळून जाता येते त्याला सवलत आणि ज्याला पळता येत नाही त्याच्याकडून पूर्ण वसुली, हेच धोरण झाले. मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने ३० लाखांहून महाग विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर सुचवला आणि त्याच महिन्यात मागे घेतला. धनिकांची गाऱ्हाणी ऐकायला पंधरवडा पुरतो, हे यावरून समजावे.

बाबासाहेबांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी नेमके हेच दुखणे दाखवून दिले होते. फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्याच्या पद्धतीवर टीका केली. प्राप्तिकर भरणाऱ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत माफी मिळते, मात्र शेतकऱ्याचे शेत कितीही लहान असो, पीक बुडालेले असो, त्याला सारा चुकत नाही, हा अन्याय त्यांनी सभागृहापुढे मांडला. कर हा माणसाची ऐपत पाहून घ्यावा, हे त्यांचे म्हणणे होते. शेतसाऱ्याच्या जागी वाहन कर ठेवा, भाषण आजही लागू पडते.

या सवलतींचा शेवट कोठे होतो हे १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात दिसले. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील पोर्शे मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. ती मोटार विजेवर चालणारी होती, म्हणून तिला वाहन कर माफ होता. नोंदणीसाठी अवघे १,७५८ रुपये शुल्क भरायचे होते. तेही भरलेले नव्हते आणि दीड कोटीहून अधिक किमतीची मोटार विनानोंदणी रस्त्यावर होती. बाल न्याय मंडळाने त्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून काही तासांत जामीन दिला आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. येथे उशीर कोठेच दिसत नाही. जामिनाला रांग नव्हती.

आता आपल्या सोलापुरातील रांगा पाहू. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, फेरीवाले अशा असंघटित कष्टकऱ्यांसाठी कुंभारी येथे रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प उभा राहिला. कॉ. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी त्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा देण्याचा समारंभ १९ जानेवारी २०२४ रोजी झाला. पायाभरणीपासून धरले तरी पाच वर्षे. दोन वर्षे मोटार मिळाली नाही तर ग्राहक नाराज, आणि पाच वर्षांनी घर मिळाले तर लाभार्थी उपकृत! एकाला ग्राहक म्हणायचे आणि दुसऱ्याला लाभार्थी, या शब्दांतच सारे राजकारण आले.

दुसरी रांग वसतिगृहाची. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी याच सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. सोलापूर नगरपालिकेने त्याला दरमहा चाळीस रुपये अनुदान दिले. सभेची स्थापना होऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. साधने नव्हती, सत्ता नव्हती, तरी सहा महिन्यांत मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय झाली. त्या वसतिगृहाला २०२५ साली शंभर वर्षे झाली. आज सामाजिक न्याय विभाग आहे, संकेतस्थळ आहे, आणि तरीही शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांची यादी संपत नाही. त्यांच्यासाठी बाबासाहेबांच्याच नावाने स्वाधार योजना आहे. तिच्यात शहराप्रमाणे वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळते. परंतु वर्ष संपत आले तरी हप्ता जमा होत नाही, अशी विद्यार्थ्यांची ओरड दरवर्षीची आहे. घरमालक भाड्यासाठी थांबत नाही, खानावळवाला थांबत नाही, फक्त सरकार थांबते. मघाच्या चार कोटींच्या मोटारीवर जे ५० लाख सोडून दिले, त्यात ८३ मुलांचा वर्षाचा पूर्ण स्वाधार भत्ता निघाला असता.

तिसरी रांग संशोधकांची. बार्टीच्या २०२१ च्या तुकडीतील ८६१ विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी २०२३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर अनेक आठवडे ठिय्या मांडावा लागला, कारण सरकार दोनशेच जणांना ती द्यायला तयार होते. उशीर माणसाचे काय करतो हे हैदराबाद विद्यापीठात आपण पाहिले आहे. रोहित वेमुलाची सात महिन्यांची फेलोशिप, पावणेदोन लाख रुपये, अडकून पडली होती. १७ जानेवारी २०१६ रोजी हे जग सोडताना त्याला त्या थकबाकीचा उल्लेख करावा लागला. मोटारीच्या उशिरावर अग्रलेख लिहिणाऱ्यांनी या उशिराला काय नाव द्यायचे ते सांगावे.

याचा अर्थ मोटार घेणे हा गुन्हा आहे, असे नाही. वाहनासाठी ताटकळणे काय असते ते आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. १९०१ साली बाल भीमराव भावंडांसह वडिलांकडे गोरेगावला निघाला, तेव्हा मसूर स्टेशनवर मुले खोळंबून राहिली. खिशात पैसे होते, दुप्पट भाडे द्यायची तयारी होती, पण जात कळताच एकही गाडीवान त्यांना घेईना. अखेर मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर प्रवास झाला. पुढे १९२९ साली चाळीसगावात बॅरिस्टर आंबेडकरांना टांगेवाल्यांनी नेण्यास नकार दिला, नवख्या माणसाने टांगा हाकला आणि बाबासाहेबांना अपघातात गंभीर दुखापत झाली. आजही दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगडफेक झाल्याच्या बातम्या येतात. म्हणून आपल्यातील कोणी कष्टाने मोटार घेतली तर ती अभिमानाचीच गोष्ट आहे. मात्र १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात शिकलेल्या वर्गाबद्दल बाबासाहेबांनी जी वेदना व्यक्त केली, ती त्या मोटारीत बसताना विसरू नये. मोटार पुढे निघून जावी आणि वसतिगृहाच्या दारातील मूल मागे राहावे, हा आंबेडकरवाद नव्हे.

तेव्हा करायचे काय? श्रीमंतांच्या रांगेला तारीख असते, आपल्या रांगेला नसते. म्हणून तारखेसाठी लढले पाहिजे. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात सेवा देण्यास मुदत आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. शिष्यवृत्ती, स्वाधार आणि अधिछात्रवृत्तीचा प्रत्येक हप्ता मुदतीत बांधला पाहिजे आणि उशीर झाल्यास विद्यार्थ्याला व्याज मिळाले पाहिजे. वाहन कराची कमाल मर्यादा रद्द झाली पाहिजे. अनुसूचित जाती घटक योजनेचा निधी दुसरीकडे वळवता येणार नाही असा कायदा झाला पाहिजे. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले आणि खुद्द खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. ज्या विडी कामगार मातेला दीड हजार रुपये द्यायचे, तिच्याच मुलाच्या वसतिगृहातून ते काढायचे, याला सामाजिक न्याय म्हणत नाहीत. आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या कर्नाटकाने २०१३ साली असा कायदा केला. तिथेही निधी वळवल्याचे आरोप होतात, परंतु कायदा असल्यामुळे सरकारला सभागृहात जाब विचारता येतो.

सोलापुरातील प्रत्येक संघटनेने समाजकल्याण कार्यालयात माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात: वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत किती मुले आहेत, स्वाधारचे किती अर्ज प्रलंबित आहेत, आणि शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला जमा झाला. ती उत्तरे घेऊन आपापल्या आमदाराच्या दारात जावे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत हे आकडे फलकावर लावावेत. चाळीस रुपयांच्या अनुदानावर ज्या शहरात शिक्षणाची वाट मोकळी झाली, त्या शहरातील एकही मूल यादीत ताटकळत राहता कामा नये.