पुसलेल्या नोंदींची जोखीम

संगणकावरील नोंद पुसली म्हणजे ती तत्क्षणी नष्ट झाली, हा समज सर्वस्वी खरा नाही. १९८० च्या दशकात लोकप्रिय झालेल्या डीबेसमध्ये 'डिलीट' ही आज्ञा नोंदीवर केवळ खूण करीत असे. किर्दीत रेघ मारलेला आकडा वाचता यावा, तशी ती नोंद 'रिकॉल' म्हणताच परत येई. खरा नाश होई तो 'पॅक'ने. १९९२ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये 'रिकॉल'ची सोय नाही. तरीही नव्या नोंदी त्या जागी बसेपर्यंत जुनीचे अवशेष फाइलीत उरू शकतात. म्हणून चूक ध्यानी येताच काम थांबवावे, फाइलीची प्रत बाजूला काढावी आणि 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर'चा मोह टाळावा. या दुरुस्तीत उरलेसुरले अवशेषही जातात.

परंतु प्रश्न केवळ तंत्राचा नाही. ज्या पतसंस्थेचा हिशेब एकाच फाइलीत असेल, तिने रोज प्रत काढून अन्यत्र ठेवणे हा विम्याचा हप्ताच होय. तो चुकविणारे व्यवस्थापन काटकसर करीत नसते. आपली जोखीम ते ठेवीदारांच्या माथी मारीत असते. लेखापरीक्षकाने शिल्लक तपासताना कालची प्रतही उघडून दाखविण्यास सांगितले पाहिजे.