टनामागचा आणा: बाबासाहेबांनी कायद्यात लिहिलेला हिस्सा कुठे गेला?

जयंती जवळ आली की आपल्या मोबाइलवर एक यादी फिरू लागते. बाबासाहेबांनी कामगारांना काय दिलं? आठ तासांचा दिवस, प्रसूती रजा, सेवायोजन कार्यालयं. यादी चांगली आहे, पण तिच्यात खाण नसते. आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या पोरांना जर बाबासाहेबांच्या मजूरमंत्रिपदाचं कुठलं काम सर्वांत आधी माहीत असायला हवं, तर ते खाणीतलंच.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींवर गेले. कचेरीत बसून अहवाल मागवले नाहीत. स्वतः खाणीत उतरले, मजुरांची घरं पाहिली. त्यानंतर काही आठवड्यांत, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून रवाना होणाऱ्या कोळशावर टनामागे काही आणे उपकर, आणि तो पैसा मजुरांच्या घरांसाठी, पाण्यासाठी, दवाखान्यासाठी, शिक्षणासाठी. सल्लागार समितीत मालकांच्या बरोबरीने मजुरांचेही प्रतिनिधी. १९४६ मध्ये अभ्रकाच्या खाणींसाठी तसाच कायदा झाला.

रक्कम लहान होती, तत्त्व मोठं होतं. जमिनीतून निघणाऱ्या प्रत्येक टनात तो काढणाऱ्या माणसाचा हिस्सा आहे. तो हिस्सा म्हणजे मालकाची दया नाही, दानधर्म नाही. तो कायद्याने वसूल व्हायचा आणि कायद्याने खर्च व्हायचा. खाणींच्या जगात ही गोष्ट किती उलटी होती, ते समजायला थोडा इतिहास बघावा लागेल.

शाळेत आपल्याला खाणीचा इतिहास म्हणजे 'शोधाचा' इतिहास शिकवतात. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, जग तिकडे धावलं, शहरं उभी राहिली. तिथे आधीपासून राहणाऱ्या आदिवासींचं काय झालं? अंदाजे दीड लाख लोक होते, १८७० पर्यंत तीस हजारांच्या आसपास उरले. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तल. सोनं 'सापडलं' असं ज्यांनी लिहिलं, त्यांना त्या जमिनीवरची माणसं दिसलीच नव्हती.

आपल्या देशातली सोन्याची गोष्ट कोलारची. १८८० च्या दशकात ब्रिटिश कंपनीने तिथे खोल खाणी सुरू केल्या. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली, देशातल्या बहुतेक शहरांच्या आधी. ही वीज आली खाणीच्या यंत्रांसाठी. खाली उतरणारे बहुतांश मजूर तमिळ दलित होते. जगातल्या सर्वांत खोल खाणींमध्ये गणल्या गेलेल्या या खाणीत तीन किलोमीटरहून खाली माणसं काम करत होती. २००१ मध्ये खाण बंद झाली. सोनं गेलं, कंपनी गेली. मजुरांच्या चाळी आणि सायनाइड मिसळलेल्या मातीचे ढिगारे तेवढे मागे राहिले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. कारण काय, तर धाग्याला तोंड लागतं, विटाळ होतो. त्या खात्यात पगार जास्त होता. खाणीत खाली उतरायला मात्र विटाळ कधीच आडवा आला नाही. जिथे पगार तिथे विटाळ, जिथे मरण तिथे सर्वांना मुक्त प्रवेश! १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असं सांगितलं, ते या अनुभवातूनच. खाणीत हे दोन्ही शत्रू एकाच पिंजऱ्यात बसून खाली उतरतात.

आता आपल्या घराकडे येऊ. गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता. याच पट्ट्यात, तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गला, आणि गोंदियाच्या उत्तरेला लागून असलेल्या बालाघाटमध्ये भरवेलीला मँगनीज आहे. मँगनीजशिवाय चांगलं पोलाद होत नाही. १८९६ मध्ये इंग्रजांनी त्यासाठी सिंडिकेट काढलं, पुढे त्याची मध्य प्रांत मँगनीज ओर कंपनी झाली. मध्य प्रांताचं हे खनिज समुद्रापर्यंत नेण्यासाठी विशाखापट्टणमचं बंदर बांधलं गेलं, ते १९३३ मध्ये सुरू झालं. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या समुद्राला बंदर मिळालं, पण खनिज फोडणाऱ्या गोंड आणि महार मजुराच्या गावाला काय मिळालं? १९६२ मध्ये मॉइल स्थापन झाली, १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. मुख्य उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, ही 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मधली बाबासाहेबांचीच भूमिका. पण नुसता मालक बदलला म्हणून खाली उतरणाऱ्याची जात आपोआप बदलत नाही. त्यासाठी हिस्सा आणि हिशेब दोन्ही लागतात.

हिशेब नसला की काय होतं, ते डिसेंबर १९५४ मध्ये आपल्या शेजारी दिसलं. छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली कोळसा खाणीत पाणी घुसलं, ६३ मजूर मेले. तेव्हा छिंदवाडा आणि गोंदिया एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. त्याच वर्षी मे महिन्यात भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला होता. खाणमजुरासाठी कायदा करणारा माणूस या भागाने लोकसभेत पाठवला नाही, ही आपल्या मातीवरची नोंद आहे. पुढे १९७५ मध्ये चासनाल्यात वरच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या खाणीतलं पाणी खाली फुटलं आणि ३७५ माणसं बुडाली. पाण्याला जात कळत नाही. पण त्या पाण्याखाली कुणाला पाठवायचं, हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला ती चांगली कळते.

शिवाय सगळे अपघात एका दिवसात होत नाहीत. दगडाच्या धुळीने सिलिकोसिस होतो, मँगनीजच्या धुळीने मज्जासंस्था बिघडते, हात थरथरतात, चाल बदलते. खाण कायद्याने हे दोन्ही रोग अधिसूचित केले, म्हणजे रुग्ण आढळला की कळवणं बंधनकारक. प्रत्यक्षात सिलिकोसिसला टीबी समजून औषध दिलं जातं, आणि ठेकेदाराचा मजूर काम सोडून गावी गेला की कागदावर तो कधी खाणीत नव्हताच. असं मरण कुठल्याही अपघाताच्या यादीत येत नाही.

आता त्या टनामागच्या आण्याचं पुढे काय झालं ते बघा. १९७६ मध्ये लोह, मँगनीज आणि क्रोम खाणींच्या मजुरांसाठी कल्याण निधी आला. त्याच वर्षी विडी कामगारांसाठीही आला. मँगनीज आणि विडी, आपल्या दोन जिल्ह्यांचे दोन जुने धंदे! बाबासाहेबांचं तत्त्व आपल्या दारापर्यंत पोहोचलं होतं. आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला, तोवर हे दोन्ही उपकर रद्द झालेले होते. करप्रणाली सोपी करायची होती म्हणे. विडी वळणाऱ्या किती बायांना विचारून ती सोपी केली? आणि किती मोर्चे निघाले त्याविरुद्ध? फलक फाटला तर आपण रस्त्यावर येतो, ते योग्यच आहे. पण बाबासाहेबांचा कायदा फाटला तेव्हा आपण कुठे होतो?

दुसरी एक तिजोरी मात्र आहे. २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणवाल्याने रॉयल्टीच्या १० ते ३० टक्के रक्कम त्यात भरायची आणि ती खाणबाधित माणसांवर खर्च करायची. पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांना किमान ६० टक्के, असं त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचना सांगत होत्या. पण फरक ओळखा. १९४४ च्या निधीत मजूर समितीवर बसत होता. इथे 'बाधित क्षेत्र' ठरतं, योजना ठरते, मंजुरी मिळते, आणि खुर्च्यांवर असतात पुढारी व अधिकारी. हक्काचा हिस्सा पुन्हा मर्जीचा होण्याची वाट इथूनच जाते.

काही मित्र म्हणतील, "गोंदियात मोठी खाण कुठे आहे?" वैनगंगेच्या घाटावरची रेती ही खाणच आहे. मुरूम आणि गिट्टी ही खाणच आहे. गौण खनिजांवरही हा निधी लावण्याचा अधिकार कायद्याने राज्यांना दिला आहे. तिरोड्याचं ३३०० मेगावॅटचं वीज केंद्र ज्या कोळशावर चालतं, तो कुठल्यातरी खाणीतूनच येतो. आणि देवरी-सालेकसाच्या गोंड गावांना पाचव्या अनुसूचीचं, म्हणजे पेसाचं कवच नाही. उद्या तिथे खाण आली, तर वनहक्क कायद्याची ग्रामसभा हीच त्यांची ढाल असेल. त्या दिवशी निळा झेंडा ग्रामसभेच्या बाजूला उभा नसेल, तर 'बहुजन' हा शब्द आपण वापरू नये.

आपले विरोधक एक प्रसंग नेहमी काढतात. युद्धकाळात, १९४३ मध्ये, बायांना खाणीत खाली उतरवण्यावरची बंदी उठवली गेली. त्यात आपला मध्य प्रांतही होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात या निर्णयावर हल्ला झाला आणि मजूर सदस्य म्हणून बाबासाहेबांना उत्तर द्यावं लागलं. हे लपवायचं कशाला? त्याच उत्तरात त्यांनी समान कामाला समान वेतन, स्त्री असो वा पुरुष, हे तत्त्व ठासून मांडलं. आणि १९४६ च्या फेब्रुवारीत ती बंदी परत लागू झाली. अडचणीच्या जागी उभं राहूनही मजुराच्या पदरात काय पाडता येईल, हे बघणारा तो नेता होता. पूजा करणाऱ्याला असा प्रसंग अडचणीचा वाटतो, अभ्यास करणाऱ्याला तो शिकवतो.

म्हणून मित्रांनो, या वर्षी तीन कामं घ्या. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे माहितीच्या अधिकारात विचारा: किती पैसा जमला, बाधित गावं कोणती, कुठल्या कामावर किती खर्च. आपल्या वस्तीतून मँगनीज, गिट्टी आणि रेतीच्या कामावर गेलेल्यांची यादी करा आणि त्यांच्या छातीच्या तपासणीची मागणी लेखी द्या. आणि विडी कामगार बायांना सोबत घेऊन रद्द झालेल्या कल्याण निधीचा प्रश्न आमदार-खासदारांच्या दारात न्या.

मिरवणूक निघेलच, ती निघालीच पाहिजे. पण धनबादच्या खाणीत उतरलेल्या माणसाची जयंती करायची, तर एक अर्ज हातात घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या चढायला हरकत नसावी.

जय भीम!