सरावाची पाटी

इंग्लंडात फुटबॉलचा हंगाम सुरू होतो ऑगस्टात. पण चाहत्यांचा न्यायनिवाडा जुलैतच आटोपलेला असतो! सरावाचा सामना जिंकला की गुढ्या, हरला की शिमगा!

२०१४ साली मँचेस्टर युनायटेडने अमेरिकेच्या दौऱ्यात लॉस एंजेलिस गॅलक्सीचा ७-० असा फडशा पाडला, रिअल माद्रिदला ३-१ असे हरवले. आणि लीगच्या पहिल्याच सामन्यात, घरच्या मैदानावर, स्वान्सीने त्यांना २-१ ने धूळ चारली. उलट २०१९ च्या जुलैत लिव्हरपूल हे डॉर्टमुंड, सेव्हिया आणि नापोली या तिघांकडून हरले. सालाह, माने, फर्मिनो हे आपापल्या देशांकडून खेळून विसावा घेत होते, हे ध्यानात कोण घेतो? त्याच संघाने पुढे ९९ गुण मिळवून ३० वर्षांनी लीगचे विजेतेपद घरी आणले.

अहो, सराव असतो तो चुका करण्यासाठीच! पाटीवर गिरवताना अक्षर मोडले म्हणून कोणी मास्तर पोराला नापास करीत नाही. नवा खेळाडू पारखायचा, नवी मांडणी अजमावायची ती याच दिवसांत. तेव्हाच त्या पोराची हुर्यो उडवलीत, तर पुढे तो चेंडू मागायलाच भिईल. मग त्याच्या भित्रेपणाबद्दलही तुम्हीच ओरडणार!