शिकाऊ उमेदवार म्हणजे काय हो?

मुलांनो, पुस्तक वाचून लेथ कळेल, पण हात बसतो तो कारखान्यातच! म्हणून आपल्याकडे १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. ज्या कारखान्यात ३० किंवा जास्त माणसं कामाला असतात, त्याला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. वय किमान १४. धोक्याच्या कामाला १८. शिकता शिकता दरमहा विद्यावेतन मिळतं. २०१६च्या राष्ट्रीय योजनेत त्यातला चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार उचलतं. मात्र पुढे तिथेच नोकरी लागेल अशी हमी नसते. खरी कमाई म्हणजे शेवटी परीक्षा देऊन मिळणारं प्रमाणपत्र. ते देशभर चालतं. म्हणून मधेच सोडून पळायचं नाही! अठराच्या आतल्या मुलांचा करार पालक करतात. तेव्हा आईबाबा, सहीआधी तो नीट वाचा हं!