कर्नलला उसनी अक्कल चालत नाही

लिनक्सवर सर्व्हर चालवणाऱ्या बहुतेक टीमकडे सिसकंट्रोलची एक फाइल असते. पॅकेट पुढे पाठवायचे की नाही, मिटलेल्या जोडणीची आठवण कशी ठेवायची, बफर किती वाढू द्यायचा, अनोळखी वाटेने आलेले पॅकेट घ्यायचे की टाकायचे, हे सगळे कर्नलला त्या फाइलीतून ओळीओळीने सांगितलेले असते. या ओळी कोणी लिहिल्या असे विचारले तर उत्तर येते, ‘आधीच्या माणसाने.’ त्याने कुठून आणल्या? ‘नेटवर हाय परफॉर्मन्स ट्यूनिंगची यादी आहे ना, तिथून.’ आणि आपल्या सर्व्हरला असा कोणता आजार होता की हे औषध द्यावे लागले? यावर कोणी काही बोलत नाही.

या प्रथेचे समर्थन करणारे लोक अडाणी नाहीत. त्यांचा पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. ते म्हणतात, कर्नलची डीफॉल्ट मूल्ये घरच्या राउटरपासून डेटा सेंटरपर्यंत सगळ्यांसाठी म्हणून ठरवलेली असतात; मोठ्या भाराच्या सर्व्हरला ती तोकडी पडणारच. ज्यांनी असा भार पेलला त्यांनी यादी केली, आम्ही ती घेतली. प्रत्येकाने पहिल्यापासून ओनामा का गिरवायचा? यंत्र आमचे, मर्जी आमची. आणि शेवटी हुकमाचा पत्ता: इतकी वर्षे चालतेच आहे ना!

हुकमाच्या पत्त्यापासूनच सुरुवात करू.

या याद्यांमधली सर्वांत गाजलेली ओळ म्हणजे ‘टीडब्ल्यू रिसायकल’. टीसीपीची जोडणी मिटली की जी बाजू आधी मिटवते ती काही काळ टाइम-वेट अवस्थेत थांबते. लिनक्समध्ये हा काळ ६० सेकंदांचा आहे. वाटेत रेंगाळलेले जुने पॅकेट नव्या जोडणीत घुसू नये आणि शेवटची पोच हरवली तर ती पुन्हा देता यावी, म्हणून ही थांबण्याची शिस्त. पण व्यवस्थापकाला हजारो टाइम-वेट जोडण्या दिसतात आणि तो घाबरतो. खरे तर अशी एक जोडणी मेमरीतले काहीशे बाइटच खाते. शिवाय जोडणीची ओळख दोन्हीकडचे पत्ते आणि दोन्हीकडचे पोर्ट अशा चार गोष्टींनी ठरते, त्यामुळे ४४३ पोर्टवर हजारो ग्राहक आले म्हणून सर्व्हरचे पोर्ट संपत नाहीत. तरीही ‘रिसायकल’ची कळ दाबली जायची.

ती दाबली की कर्नल काय करायचा? समोरच्या प्रत्येक आयपी पत्त्याकडून शेवटी आलेला टाइमस्टँप लक्षात ठेवायचा आणि त्याच पत्त्यावरून त्याआधीचा टाइमस्टँप घेऊन नवी जोडणी मागणारे पॅकेट आले तर ते गुपचूप टाकून द्यायचा. एका पत्त्यामागे एकच यंत्र असेल तर हे चालते. पण एका पत्त्यामागे अनेक यंत्रे असली तर प्रत्येकाचा टाइमस्टँप वेगळा. मोबाइल कंपन्या आयपीव्ही४च्या एकेका सार्वजनिक पत्त्यामागे ग्राहकांचा मोठा जथा बसवतात. अशा सामायिक वापरासाठी २०१२ साली पत्त्यांचा एक स्वतंत्र पट्टाही राखून ठेवला गेला. भारतातला बहुतेक ग्राहक फोनवरूनच येतो. म्हणजे ही कळ नेमकी ज्यांच्यासाठी घातक, तेच आपले गिऱ्हाईक.

आता ‘चालतेच आहे ना’ हा युक्तिवाद तपासा. ऑफिसातल्या चाचणीत एक यंत्र, एक पत्ता. तिथे सगळे सुरळीत. बाहेर मात्र एकाच टॉवरखालच्या दोघांपैकी एकाचे पान उघडते आणि दुसऱ्याचे अडकते. अडकलेल्याचे पॅकेट कर्नलनेच टाकलेले असल्यामुळे वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याचा मागमूस नसतो. तो बिचारा आपल्या फोनला दोष देतो. जे बिघडते ते दिसतच नाही, म्हणून चालते असे वाटते. टीसीपीच्या मॅन्युअलमध्ये धोक्याचा इशारा स्पष्ट होता, तरी याद्यांमधून ओळ फिरत राहिली. शेवटी २०१७ साली ४.१२ आवृत्तीत कर्नलकारांनी ती कळच काढून टाकली. याद्यांमध्ये ती अजून आढळते. नवा कर्नल ‘अशी फाइल नाही’ म्हणून कुरकुरतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. त्या कुरकुरीकडेही कोणी पाहत नाही.

दुसरा दावा अनुभवाचा. यादी अनुभवी माणसाने केली असेल, तर तिच्या ओळी निदान एकमेकींशी भांडू नयेत. पण कामगिरीच्या यादीत ‘टीडब्ल्यू रीयूज चालू करा’ असते आणि सुरक्षेच्या यादीत ‘टीसीपी टाइमस्टँप बंद करा’. टाइम-वेटमधली जागा नव्या जोडणीला देणाऱ्या रीयूजची सारी मदार टाइमस्टँपवर आहे. दोन्ही याद्या एका फाइलीत चिकटवल्या की पहिली ओळ निकामी होते. ज्या कारणाने टाइमस्टँप बंद करायचे, म्हणजे यंत्र किती दिवस चालू आहे हे बाहेरच्याला कळू नये, त्याचा बंदोबस्त ४.१० आवृत्तीपासून कर्नल स्वतःच करतो: प्रत्येक जोडणीच्या टाइमस्टँपमध्ये यादृच्छिक फरक मिसळतो. आजार बरा झाला, पथ्य मात्र चालूच.

तीच गत ‘फिन टाइमआउट’ची. टाइम-वेट कमी व्हावा म्हणून ते ६० वरून १५ वर आणतात. ही कळ टाइम-वेटची नाहीच. ती फिन-वेट-दोन नावाच्या वेगळ्या अवस्थेची आहे. टाइम-वेटचे ६० सेकंद कर्नलच्या कोडमध्येच पक्के लिहिलेले आहेत. ‘टीसीपी मेम’ची गंमत याहून मोठी. घेण्याचा बफर ‘आरमेम’ आणि पाठवण्याचा ‘डब्ल्यूमेम’ बाइटमध्ये मोजतात, ‘टीसीपी मेम’ मात्र पानांमध्ये, आणि एक पान सहसा ४,०९६ बाइटचे. यादीत तिन्ही ठिकाणी १,६७,७७,२१६ हाच आकडा दिसतो. बाइटमध्ये तो १६ एमबी होतो. पानांमध्ये तोच ६४ जीबी होतो. टीसीपीने मेमरी कुठे आवरती घ्यायची याची जी मर्यादा, ती आठ जीबीच्या यंत्रावर अशी लिहिली की मर्यादा उरतच नाही. याला अनुभव कसे म्हणावे?

तिसरा दावा मालकीचा: यंत्र आमचे, मर्जी आमची. जाळ्याला जोडलेल्या यंत्राबाबत हे अर्धेच खरे आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यातला दुवा कोंडला. अंतर जेमतेम ४०० यार्ड. वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. प्रत्येक यंत्र आपापल्या परीने बरोबरच वागत होते, आपले हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवत होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली जो उपाय मांडला त्याचा गाभा हा, की पाठवणाऱ्याने कोंडी ओळखून स्वतःहून हात आखडता घ्यावा. तेव्हापासून इंटरनेट या स्वेच्छेच्या शिस्तीवर उभे आहे. गर्दी-नियंत्रणाची कळ फिरवताना आपण शेजाऱ्याचा वाटाही हलवतो. गूगलची बीबीआर पद्धत २०१६ साली ४.९ आवृत्तीत आली. तिच्या पहिल्या रूपाबद्दल संशोधकांचा आक्षेप हाच होता, की क्युबिक ही डीफॉल्ट पद्धत वापरणाऱ्यांबरोबर एकाच वाटेवर असताना ती न्याय्य वाटणी करत नाही. बीबीआर वापरू नये असा याचा अर्थ नाही. पण ‘यादीत होती’ हे कारण इथे पुरत नाही.

मालकीच्या याच अहंकारातून ‘आम्ही वापरत नाही, तर आयपीव्ही६ बंद करा’ हा सल्ला येतो. आयपीव्ही४च्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. आशिया-पॅसिफिकचा साठा त्याच एप्रिलमध्ये शेवटच्या गटावर आला. आज भारतातले निम्म्याहून अधिक वापरकर्ते आयपीव्ही६वरून पोहोचू शकतात. त्यांच्यासाठी दार लावून घ्यायचे आणि त्याला सुरक्षा म्हणायचे, हा उफराटा न्याय झाला. खरी चूक वेगळीच असते: फायरवॉलचे नियम फक्त आयपीव्ही४साठी लिहिलेले असतात. ते दोन्हींसाठी लिहा. आयसीएमपी सरसकट अडवणारेही याच वाटेचे. पीपीपीओईच्या ब्रॉडबँडवर १,५०० ऐवजी १,४९२ बाइटचेच पॅकेट जाऊ शकते. ‘पॅकेट मोठे आहे, लहान करून पाठव’ हा निरोप आयसीएमपीतूनच येतो. तो अडवला की जोडणी उघडते, छोटी पाने येतात आणि मोठी फाइल मध्येच गोठते. आयपीव्ही६मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाही, त्यामुळे तिथे हा निरोप अडवणे आणखी महागात पडते.

यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात: ‘म्हणूनच सांगतो, डीफॉल्टला हात लावू नका.’ त्यांचेही मान्य करता येत नाही. डीफॉल्ट म्हणजे वेदवाक्य नव्हे, त्यालाही वय असते. जोडणी स्वीकारण्याच्या रांगेची कमाल लांबी, म्हणजे ‘सोमॅक्सकॉन’, बरीच वर्षे १२८ होती. २०१९ साली ५.४ आवृत्तीत ती ४,०९६ झाली. जुन्या कर्नलवर अडलेल्याने २०१९ पर्यंत हात जोडून बसायचे होते काय? आणि डीफॉल्ट तरी कोणाचे? उलट वाटेची तपासणी करणारे ‘आरपी फिल्टर’ मूळ कर्नलमध्ये बंद असते, तर अनेक डिस्ट्रिब्युशन ते चालू करून देतात. शिवाय ‘सर्व’ आणि ‘त्या इंटरफेसचे’ या दोन मूल्यांपैकी मोठे असेल ते लागू होते. एका इंटरफेसवर शून्य लिहून निश्चिंत झालेल्याला हे माहीत नसेल, तर दोन वाटांच्या यंत्रावर त्याची पॅकेटे गायब होतील आणि तो केबल बदलत बसेल.

मग माझी बाजू कोणती? कर्नलमधली प्रत्येक कळ हे एका प्रश्नाचे उत्तर असते. तो प्रश्न आपल्या यंत्राला पडला आहे हे दाखवता आले तरच ती फिरवावी, आणि ते दाखवलेले लिहून ठेवावे.

पहिला प्रश्न भूमिकेचा: हे यंत्र यजमान आहे की राउटर? ‘आयपी फॉरवर्ड’ मुळात शून्य असते, कारण यजमानाने दुसऱ्याची पॅकेटे आपणहून पुढे ढकलू नयेत असा १९८९ पासूनचा संकेत आहे. आज डॉकर बसवला की तो स्वतःच ही कळ एकवर नेतो. कर्नलच्या दस्तऐवजातच इशारा आहे, की ही कळ बदलली की इतर मूल्ये यजमानाच्या किंवा राउटरच्या मूळ पदावर परत जातात. म्हणजे फाइलीतल्या ओळींचा क्रमसुद्धा अर्थ बदलतो. चिकटवणाऱ्याला हे कधी कळणार?

दुसरा प्रश्न पुराव्याचा. कर्नल आपले मोजमाप उघड ठेवतो. ‘एनस्टॅट’ आणि ‘एसएस’ या दोन आज्ञा पुरतात. स्वीकाराची रांग ओसंडल्याचा आकडा वाढत असेल तर सोमॅक्सकॉन वाढवा, पण प्रोग्रामने स्वतः मागितलेली लांबीही बघा. दोन्हींपैकी लहान असेल तीच चालते. आकडा शून्य असेल तर ती ओळ कशासाठी?

आणि जिथे हिशेब सांगतो तिथे हात आखडू नये. मागच्या एकाच सर्व्हरकडे सतत नव्या जोडण्या उघडणारी प्रॉक्सी घ्या. तिच्याकडचे पोर्ट ३२,७६८ ते ६०,९९९, म्हणजे २८,२३२. प्रत्येक पोर्ट ६० सेकंद अडकला तर सेकंदाला सुमारे ४७० नव्या जोडण्यांवर पोर्ट संपतात. इथे टाइम-वेटची तक्रार खरी आहे. आधी जोडण्या टिकवून पुन्हा वापरा. ते शक्य नसेल तर पोर्टची कक्षा वाढवा, रीयूज चालू करा आणि टाइमस्टँप शाबूत ठेवा. किंवा दूरच्या खंडात मोठा डेटा पाठवायचा आहे, जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लागतात. घेणाऱ्या बाजूचा बफर सहा एमबीवर अडला तर वेग सेकंदाला ३० एमबीच्या वर जाणार नाही, मग लाइन दहा गिगाबिटची का असेना. इथे कमाल मर्यादा वाढवणे हा शुद्ध गुणाकार आहे. त्याच गुणाकाराने हेही कळते, की विंडो स्केलिंग बंद केले तर याच वाटेवर खिडकी ६५,५३५ बाइटची उरते आणि वेग सेकंदाला २६ लाख बिटांच्या आसपास थबकतो.

शेवटचा आक्षेप वेळेचा: रात्री दोन वाजता सर्व्हर कोसळलेला असताना गुणाकार कोण करणार? त्या क्षणी जे सुचेल ते करावे, त्याला माझी ना नाही. २०१९ साली टीसीपीच्या सॅकमध्ये, म्हणजे निवडक पोच देण्याच्या सोयीत, कर्नल कोसळवणारी त्रुटी सापडली तेव्हा सॅक बंद करणे हा तात्पुरता उपाय म्हणून सांगितला गेला आणि तो योग्यच होता. पण दुरुस्त कर्नल आल्यावर ज्यांनी ती ओळ काढली नाही, त्यांचा सर्व्हर प्रत्येक गळक्या लाइनवर आजही नको ती पॅकेटे पुन्हा पाठवत असेल. तात्पुरत्या ओळीशेजारी ‘का’ आणि ‘केव्हापर्यंत’ लिहायला अर्धा मिनिट लागतो. दोन वाजता नाही तर दहा वाजता लिहा.

म्हणून प्रत्येक टीमने एक नियम करावा. फाइलीतल्या प्रत्येक ओळीवर कारण, मोजमाप आणि तारीख असावी. ज्या ओळीचे कारण कोणालाच सांगता येत नाही, ती चाचणीच्या यंत्रावर काढून पाहावी, एका वेळी एकच. आकडे बिघडले तर कारण सापडले. ते लिहून ओळ परत ठेवावी. बिघडले नाहीत तर ओळ कायमची काढावी. कर्नलची आवृत्ती बदलली की हीच उजळणी पुन्हा व्हावी. यादीचे समर्थक म्हणतील, यात फार ओळी गळतील. गळू द्या. ज्या टिकतील त्यांच्याबद्दल विचारले तर ‘आधीच्या माणसाने’ असे उत्तर द्यावे लागणार नाही.