विश्लेषण : शेणव्याची ‘रेंज’ चाचणीत कशी आणायची?

रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र अडले की रांगेतल्या बाईला एकच उत्तर मिळते, ‘सर्व्हर डाऊन, उद्या या’. जुलै २०२४ मध्ये हे राज्यभर झाले. धान्यवाटप रखडले आणि शेवटी ऑफलाइन वाटपाला परवानगी द्यावी लागली. शहापूर तालुक्यातील शेणवा किंवा मुरबाडमधील डोंगराकडेच्या गावांसारख्या ठिकाणी सर्व्हर धडधाकट असला तरी भागत नाही. रेंज मध्येच गेली की निरोप वाटेत हरवतो. असा दोष नंतर सापडणे कठीण, कारण तपासणीला माणूस येतो तेव्हा यंत्र नेमके सुरळीत चालते.

घडलेली अडचण टिपून ठेवायची आणि प्रयोगशाळेत पुन्हा घडवायची, हा यावरचा उपाय. सरकारी यंत्रणांच्या चाचणीत तो सक्तीचा असायला हवा.

टिपतात काय, वाजवतात काय?

नेटवर्कवरून माहिती सलग जात नाही. तिचे साधारण दीड हजार बाइटपर्यंतचे तुकडे होतात, तीच पॅकेट. ‘टीसीपीडम्प’ किंवा ‘वायरशार्क’ ही मोफत साधने प्रत्येक पॅकेट वेळेसह फाइलमध्ये नोंदवतात. ‘टीसीपीरिप्ले’ ती फाइल पुन्हा नेटवर्कवर सोडते, मूळ गतीने किंवा कितीतरी पट वेगाने. स्विच किंवा फायरवॉल किती भार पेलते, हे त्यातून छान कळते.

सर्व्हरच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही. फोनवरचे बोलणे रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला ऐकवले, तर तो नवे काही विचारेल आणि रेकॉर्डिंग जुनेच बोलत राहील. सर्व्हरही दर वेळी नवे क्रमांक देतो, एन्क्रिप्ट केलेल्या संवादाची किल्लीही दर वेळी बदलते. कालची पॅकेट आज तो नाकारतो, आणि नाकारायलाच हवीत.

म्हणून मजकुरापेक्षा वाट टिपणे अधिक उपयोगाचे. पॅकेट कधी निघाले, किती उशिरा पोहोचले, कितवे हरवले, एवढीच नोंद घ्यायची आणि खोट्या शिधापत्रिकांचे व्यवहार त्या वाटेवरून चालवायचे. लिनक्समधील ‘नेटेम’ असा उशीर आणि गळती मुद्दाम घडवते. एमआयटीतील संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेले ‘महिमही’ तर मोबाइल नेटवर्कची टिपलेली चाल जशीच्या तशी पुन्हा उभी करते. त्या चमूतले हरी बालकृष्णन यांचा जन्म नागपूरचा, हे जाता जाता.

यातून सापडेल काय?

एक प्रसंग धरू. अंगठा जुळला, सर्व्हरने धान्य दिल्याची नोंद केली, पण उत्तराचे पॅकेट वाटेत हरवले. यंत्रावर पावती नाही. दुकानदार पुन्हा प्रयत्न करतो, तर सर्व्हर म्हणणार, या महिन्याचे धान्य उचलले आहे. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. ते गेले की राहिले, हे ठरवणारी ओळ प्रोग्राममध्ये लिहिली आहे का, हे शहरातल्या वेगवान वायफायवर कधीच कळणार नाही. तिथे उत्तर हरवतच नाही! खराब वाट शंभरदा वाजवली, तर असा दोष पहिल्या दिवशीच उघडा पडू शकतो.

धोका कुठे?

टिपलेले पुन्हा वापरणे हा फसवणुकीचाही जुना मार्ग आहे. आधार प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये एका खासगी बँकेसह तीन कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. जुलै २०१६ पासूनच्या सुमारे सात महिन्यांत एकाच व्यक्तीच्या नावे ३९७ बायोमेट्रिक व्यवहार झाले होते आणि साठवलेला ठसा पुन्हा वापरल्याचा संशय होता. बँकेच्या प्रतिनिधी कंपनीतील कर्मचाऱ्याने स्वतःच्याच बायोमेट्रिकचा गैरवापर करण्याचा प्रयत्न केला, असे प्राधिकरणाने मार्चमध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी ‘नोंदणीकृत’ उपकरणे सक्तीची करण्यात आली. त्यांत ठसा उपकरणातच एन्क्रिप्ट होतो.

तेव्हा चाचणीच्या नावाखाली लाभार्थ्यांचे आधार क्रमांक आणि ठसे फाइलमध्ये साठवायला एकाही कंत्राटदाराला मुभा नको. आधार कायद्याचे कलम २९ मूळ बायोमेट्रिक माहितीचा वापर आधार क्रमांक तयार करणे आणि ओळख पटवणे यांपुरताच ठेवते. वाटेच्या नोंदीत वेळ, आकार आणि गळती पुरते. नावांची गरजच नाही.

‘यापेक्षा टॉवर उभारा’ हा आक्षेप खराच आहे, टॉवर हवाच. पण तो येईपर्यंत महिन्याचे धान्य थांबवता येत नाही आणि टॉवरही वीज गेली की बंद पडू शकतो. एरवी निविदेत व्यवहार किती सेकंदांत व्हावा, हे लिहिता येते. त्याच कागदावर आणखी एक अट घालता येईल : मुंबईला पाणी पुरवणाऱ्या या तालुक्यातली वाट टिपा, तिच्यावर यंत्र चालवून दाखवा, मगच बिल मंजूर. नोंद घ्यायची ती दुकानात गर्दी असते त्या दिवसांत आणि पावसाळ्यातही. महिन्याच्या मधल्या एखाद्या कोरड्या दुपारी घेतलेली नोंद कुठलेही यंत्र उत्तीर्ण करील.