ॲव्हरेजचा आकडा आणि साकीनाक्याचा रस्ता

मालवाहू गाडी विकत घेणे हा उपनगरांतील लहान व्यावसायिकाच्या आयुष्यातील, घरखरेदीच्या खालोखाल, बहुधा सर्वांत मोठा आर्थिक निर्णय असतो. आणि तरीही घाटकोपरच्या असल्फा भागात पाण्याचे जार पोचवणारा किंवा अंधेरीच्या एमआयडीसीतून सुट्या भागांची ने-आण करणारा गृहस्थ ज्या ‘ॲव्हरेज’च्या आकड्यावर विसंबून कर्जाच्या दस्तऐवजांवर सही करतो, तो आकडा त्याच्या रस्त्यावर कधी मोजलेलाच नसतो, ही गोष्ट मला अत्यंत चिंतेची वाटते.

विहित चाचणीच्या आवर्तनात निघालेल्या त्या आकड्याचा साकीनाक्याच्या किंवा लालबहादूर शास्त्री मार्गाच्या सायंकाळच्या कोंडीशी फारसा संबंध नाही. तेथे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत असते, अंतर वाढत नाही आणि इंधन मात्र जळत राहते. म्हणून येथील खर्चाचा हिशेब किलोमीटरांइतकाच इंजिन चालू राहिलेल्या तासांवर मांडावा लागतो.

डिझेलची निवड करताना तर याहून अधिक सावध राहावे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराड्याच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी अशी गाडी अधूनमधून काही काळ सलग, बऱ्या वेगाने चालवावी लागते. ज्याचा दिवसच मुलुंड ते भांडुप अशा तुटक फेऱ्यांत जातो, त्याच्या गाडीला तशी संधी मिळत नाही, गाळणी तुंबते, दिवा लागतो, आणि डिझेलमध्ये वाचवलेला पैसा गॅरेजमध्ये जातो. वाशीच्या बाजारातून नाशिक-पुण्याकडे नियमित धावणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने डिझेल अवश्य घ्यावे.

गल्लीबोळांतल्या कामासाठी सीएनजी मला अधिक योग्य वाटतो, परंतु त्याचेही मोल द्यावे लागते. मारुतीच्या सुपर कॅरीची पेट्रोलवरील घोषित वहनक्षमता ७४० किलो, तर सीएनजीवरील ६२५ किलो आहे. म्हणजे एकशे पंधरा किलो माल प्रत्येक फेरीला खाली उतरला. शिवाय टाकीची तीन वर्षांनी सक्तीची तपासणी आणि पंपावरील रांगेत मोडणारा वेळ, हेही जमाखर्चात धरावेत.

इंधनाइतकाच महत्त्वाचा प्रश्न गाडीच्या मापाचा. २००५ साली टाटांची एस, लोकांच्या तोंडचा ‘छोटा हत्ती’, बाजारात आली, तेव्हा ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरांवर पाऊण टन माल वाहणारी ही गाडी आपल्या अरुंद गल्ल्यांच्या मापाची ठरली. तिच्या यशाचे एक मोठे कारण मला त्या मापातच दिसते. बोरिवलीच्या भाजीवाल्याला रोज दीड टन कांदा आणायचा असेल तर बोलेरो पिकअप घेणे शहाणपणाचे. पण वर्षातून चार दिवस येणाऱ्या मोठ्या ऑर्डरीसाठी मोठी गाडी घेऊन ती एरवी अर्धी रिकामी हिंडवणे हे भांडवलाचे नुकसान आहे, आणि लहान गाडीवर दुप्पट माल लादणे हे तर पाटे, क्लच आणि ब्रेक यांचा व माणसांच्या जीविताचा घात करणे आहे. विश्वासार्हतेची चौकशी करायची ती शोरूममध्ये नव्हे, तर त्याच बनावटीची पाच-सहा वर्षांची गाडी पासिंगला नेऊन आणलेल्या मालकाकडे आणि आपल्या वस्तीजवळच्या मिस्त्रीकडे.

परंतु सारा भार ग्राहकाच्या चातुर्यावर का टाकावा? पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली, वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था आहे. तिच्याकडून मोजून घेऊन, पूर्ण भाराने, शहरी कोंडीच्या गतीने मिळणारे ॲव्हरेज आणि कोंडीत इंजिन तासभर चालू राहिल्यास जळणारे इंधन, हे दोन आकडे प्रत्येक मालवाहू गाडीच्या किमतीच्या पत्रकावर छापणे केंद्र सरकारने बंधनकारक करावे, आणि राज्याच्या परिवहन खात्याने तशी शिफारस विनाविलंब करावी.